पैसा खरा, माग अपुरा : कॅनडाच्या स्टडी परमिटचे एक प्रकरण

भांडुपला राहणाऱ्या एका पंचवीस वर्षांच्या मुलीचा कॅनडातील स्टडी परमिटचा अर्ज सप्टेंबर २०२५ मध्ये नामंजूर झाला आणि त्याच विद्यापीठातील त्याच अभ्यासक्रमासाठी तिने केलेला दुसरा अर्ज मार्च २०२६ मध्ये मंजूर झाला. मधल्या काळात घरात नवा पैसा आला नव्हता, तिच्या गुणपत्रिकेत भर पडली नव्हती, इंग्रजीची परीक्षाही तिने पुन्हा दिली नव्हती. उलट राहण्याखाण्याच्या खर्चासाठी दाखवावी लागणारी रक्कम कॅनडा सरकारने याच दरम्यान वाढवली होती. बदलले ते अर्जासोबतचे कागद आणि त्यांची मांडणी. ती माझी महाविद्यालयातील माजी विद्यार्थिनी असल्याने नकार आल्यानंतर फाइल माझ्याकडे आली. कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ते प्रकरण येथे मांडत आहे, कारण मुंबईतील असंख्य मध्यमवर्गीय घरांत पैसा याच वाटेने, गावची जमीन विकून, येतो आणि नेमका याच ठिकाणी अडतो.

मुलीने मुंबई विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केले आणि त्यानंतर तुर्भे येथील एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत साडेतीन वर्षे नोकरी केली. ओंटारिओमधील एका सार्वजनिक विद्यापीठात अन्नसुरक्षेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला जानेवारी २०२६ साठी प्रवेश मिळाला होता. वडील एका खासगी कंपनीत हिशेब विभागात, आई घरीच बालवाडी चालवते. राहत्या घराच्या तारणावर राष्ट्रीयीकृत बँकेने शैक्षणिक कर्ज मंजूर केले होते आणि उरलेला भार रत्नागिरी जिल्ह्यातील वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या रकमेवर होता. शिकवणीची पहिल्या वर्षाची फी, प्रवास आणि राहण्याचा खर्च मिळून लागणाऱ्या रकमेपेक्षा हा आकडा थोडा जास्तच भरत होता. म्हणजे पैसे कमी होते म्हणून अर्ज पडला, हे म्हणणे टिकणारे नाही.

पहिला अर्ज

अर्ज भरून देणाऱ्या एजंटची सारी पद्धत जुन्या काळात तयार झालेली होती. २०१८ पासून भारतातील विद्यार्थ्यांना ‘स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम’ नावाची जलद सोय उपलब्ध होती. तीत कॅनडातील बँकेत ठरावीक रकमेचे जीआयसी (एक प्रकारची मुदत ठेव) आणि पहिल्या वर्षाची भरलेली फी हाच आर्थिक क्षमतेचा मुख्य पुरावा असे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ही सोय बंद झाली. त्याआधी, २२ जानेवारी २०२४ रोजी, परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा निर्णय जाहीर झाला होता आणि प्रांताचे हमीपत्र (विद्यार्थी त्या प्रांताच्या ठरलेल्या संख्येत बसतो असे तेथील सरकारचे पत्र) आवश्यक झाले होते; २०२५ मध्ये ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही लागू झाले. आता सर्व अर्ज एकाच सर्वसाधारण मार्गाने जातात आणि पैसा किती आहे याइतकेच तो कोठून आला हेही तपासले जाते. जुन्या सवयीने भरलेला अर्ज या नव्या तपासणीपुढे उघडा पडतो.

जुलै २०२५ मध्ये दाखल झालेल्या त्या अर्जात वडिलांच्या खात्याचा चार महिन्यांचा उतारा होता. एप्रिलपर्यंत त्या खात्यात कधीही दोन लाखांच्या वर शिल्लक नव्हती. पगार जमा होई, घरकर्जाचा हप्ता जाई, विजेचे बिल, किराणा, महिन्याअखेरीस उरेल ते. त्यानंतर मे आणि जून महिन्यांत आरटीजीएसने तीन मोठ्या रकमा जमा झाल्या, एकूण २४ लाख रुपये. त्यातील दोन रकमा कुटुंबाशी काहीही संबंध नसलेल्या एका नावावरून आल्या होत्या. सोबत जोडलेल्या आयकर विवरणपत्रात वडिलांचे वार्षिक उत्पन्न सुमारे सात लाख दिसत होते. या दोन कागदांमध्ये दुवा जोडणारा एकही कागद अर्जात नव्हता आणि खुलाशाची एक ओळही नव्हती. बँकेचे शिल्लक प्रमाणपत्र मात्र शिक्क्यासह, पहिल्याच पानावर लावलेले होते.

येथे एक गोष्ट नोंदवणे गरजेचे आहे. पैसे अपुरे पडत असतील तर महिनाभरासाठी खात्यात रक्कम ‘फिरवून’ देण्याची तयारी याच एजंटने आरंभी दाखवली होती आणि वडिलांनी ती तिथल्या तिथे नाकारली. मुंबईत या उद्योगाला सरसकट ‘शो मनी’ म्हणतात आणि तो सर्रास चालतो, म्हणून त्याचे गांभीर्य लोकांना जाणवत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यातील कलम ४० नुसार खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर पाच वर्षे त्या देशात प्रवेश बंद होतो, आणि शिक्षा होते ती अर्जदाराला. २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांमुळे पंजाबमधील अनेक विद्यार्थ्यांवर देश सोडण्याची वेळ आली होती; त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची थेट शिक्षणसंस्थेकडून खातरजमा केली जाऊ लागली. वडिलांचा तो नकार या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय होता, असे माझे स्पष्ट मत आहे. तो नसता तर दुसऱ्या अर्जाला जागाच उरली नसती.

नकार आणि त्याचे वाचन

जुलै २०२५ च्या अखेरीपासून कॅनडाचे इमिग्रेशन खाते अनेक नकारपत्रांसोबत निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याचे टिपणही पाठवू लागले आहे. पूर्वी हे टिपण मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा वेगळा अर्ज कॅनडात असलेल्या व्यक्तीमार्फत करावा लागे आणि त्यात आठवडे जात. या प्रकरणात टिपण पत्रासोबतच आले. त्यात तीन मुद्दे होते: खात्यातील मोठ्या रकमांचा उगम जाहीर केलेल्या उत्पन्नातून समजत नाही, अभ्यासक्रम का हवा याचे निवेदन सर्वसाधारण स्वरूपाचे आहे, आणि मुदत संपल्यावर अर्जदार कॅनडा सोडेल अशी खात्री पटत नाही.

घरातल्यांना सर्वाधिक लागला तो तिसरा मुद्दा. आपली मुलगी पळून जाणारी आहे असे कोणीतरी लेखी कळवावे, याचा आईला विशेष त्रास झाला. परंतु कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतील नियम २१६ मधील ही तरतूद प्रत्येक अर्जाला लागू असते, आणि या प्रकरणात तो मुद्दा स्वतंत्र नव्हता. पहिले दोन मुद्दे उभे राहिले की तिसरा आपोआप येतो. पैसा कोणाचा हे कळत नाही, शिक्षण कशासाठी हे कळत नाही, मग ही व्यक्ती नेमकी कशासाठी येते आहे हा प्रश्न कोणत्याही अधिकाऱ्यापुढे उभा राहणारच. म्हणून उत्तर द्यायचे ते पहिल्या दोन मुद्द्यांना, असे आम्ही ठरवले.

वडिलांनी मला विचारले, “सर, पैसे आमचेच आहेत, कागदही घरात आहेत. विचारलं असतं तर दाखवले नसते का?” प्रश्न रास्त होता. मात्र या प्रक्रियेत सिद्ध करण्याची जबाबदारी पूर्णपणे अर्जदाराची असते. समोर असलेल्या कागदांवर निर्णय होतो आणि जे जोडलेले नाही ते मागवून घेण्यास अधिकारी सहसा बांधील नसतो. आपल्याकडे कोणत्याही कार्यालयात त्रुटी निघाली की पूर्ततेसाठी पत्र येते आणि पुन्हा एक खेप घालता येते. त्या अनुभवावर विसंबून राहिलेल्या कुटुंबाला हा फरक अर्जाच्या आधी कोणीतरी सांगायला हवा होता.

अशा नकारावर अपील नसते. कॅनडाच्या फेडरल कोर्टात साठ दिवसांच्या आत न्यायालयीन पुनर्विलोकनासाठी परवानगी मागता येते, पण तिथे अधिकाऱ्याने त्याच्यापुढील कागदांवर वाजवी निर्णय घेतला का एवढेच पाहिले जाते. नवे कागद सहसा विचारात घेतले जात नाहीत. आमचे तर सगळे बळ नव्या कागदांतच होते. त्यामुळे विद्यापीठाकडून प्रवेश सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलून घेतला आणि नव्याने अर्ज करायचे ठरले.

जमिनीचे कागद

वडिलांच्या खात्यात आलेल्या २४ लाखांपैकी २० लाख त्यांच्या स्वतःच्या वाट्याचे होते आणि ४ लाख काकांनी आपल्या वाट्यातून पुतणीच्या शिक्षणासाठी दिले होते. आत्याने काही वर्षांपूर्वीच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले होते. व्यवहार सरळ होता: साठेखत, इसार, मग खरेदीखत, आणि रक्कम पै न पै बँकेतून. विवरणपत्रात तो दिसत नव्हता याचे कारण लपवाछपवीत नव्हते, कायद्यात होते. ग्रामीण भागातील शेतजमीन आयकर कायद्याच्या व्याख्येनुसार भांडवली मालमत्ता ठरत नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही आणि पगारदार माणसाच्या विवरणपत्रात त्या विक्रीचा मागमूसही उरत नाही. भारतीय कर सल्लागाराला हे एका वाक्यात कळते. ओटावाकडे जाणाऱ्या फाइलवर बसलेल्या अधिकाऱ्याला ते कळावे अशी अपेक्षा धरणे चूक आहे. ती जमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून विहित अंतराबाहेर आहे आणि म्हणून हा व्यवहार करपात्र नाही, असे चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र मुलुंडहून घेतले, तेव्हा त्या कोड्याचा अर्धा भाग सुटला.

उरलेला अर्धा भाग मराठीत होता. खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा), फेरफार (जमिनीवरील हक्कबदलाची नोंद), हक्कसोडपत्र आणि सातबारा हे पाचही कागद एजंटने पाहिले होते, आणि ‘मराठी कागद तिकडे चालत नाहीत’ असे सांगून परत दिले होते. ते भाषांतराशिवाय चालत नाहीत, एवढेच खरे आहे. इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर, सोबत मूळ कागदाची प्रत, आणि भाषांतरकार अधिकृत नसेल तर त्याचे शपथपत्र, एवढे असले की तोच कागद पुरावा ठरतो. अर्जदाराने स्वतः किंवा तिच्या नातेवाइकांनी केलेले भाषांतर मात्र स्वीकारले जात नाही. आत्याची मुलगी इंग्रजीची प्राध्यापिका आहे आणि तिने मनापासून तयारी दाखवली होती, तरी तिला बाजूला ठेवून बाहेरच्या भाषांतरकाराकडे जावे लागले आणि शपथपत्र फोर्टमधील नोटरीसमोर करून घ्यावे लागले.

भाषांतराच्या पहिल्या खर्ड्यातच एक गंभीर अडचण लक्षात आली. सातबाऱ्यावर विक्रीनंतर वडिलांच्या आणि काकांच्या नावांना कंस पडले होते, शेजारी फेरफाराचा क्रमांक होता आणि त्याखाली खरेदीदाराचे नाव आले होते. भाषांतरकाराने कंसासकट नावे जशीच्या तशी उतरवली होती. महाराष्ट्रात नावाला कंस झाला म्हणजे त्या माणसाचा त्या जमिनीवरील हक्क संपला, हे तलाठी कार्यालयाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला माहीत असते. परक्या वाचकाला मात्र कंसातले नाव पाहून दोन भाऊ अजूनही मालक आहेत असे वाटले असते, आणि मग जमीन विकून पैसे आले या म्हणण्यालाच छेद गेला असता. म्हणून भाषांतराखाली भाषांतरकाराची टीप घातली: कंसातील नावे पूर्वीच्या धारकांची असून अमुक क्रमांकाच्या फेरफाराने ती कमी केली आहेत. क्षेत्राचे आकडे हेक्टर आणि आर यांत उलगडून लिहिले. इंडेक्स टूवरील मोबदल्याची रक्कम, खरेदीखतातील आरटीजीएसचे क्रमांक आणि बँक उताऱ्यातील त्याच ओळी अशा तीन ठिकाणी एकाच रंगाने खुणा केल्या.

काकांच्या चार लाखांसाठी त्यांचे शपथपत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडला. ही रक्कम उसनी नसून परत करायची नाही, हे शपथपत्रात लिहिणे भाग होते. काकांना सुरुवातीला ते जड गेले. पुतणीला दिलेले पैसे परत नको आहेत हे स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचे म्हणजे नात्यात व्यवहार आणल्यासारखे त्यांना वाटत होते, आणि त्यांची ती भावना समजण्यासारखी आहे. सही त्यांनी केली.

निवेदन

पहिल्या अर्जातील निवेदन दोन पानांचे होते. त्यात कॅनडाची बहुसांस्कृतिकता, जागतिक दर्जाचे शिक्षण आणि निसर्ग यांची स्तुती होती. मुलीने साडेतीन वर्षे ज्या टेबलावर काम केले त्याचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. हे निवेदन दुसऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या अर्जाला नाव बदलून लावता आले असते, आणि बहुधा लावलेही गेले असेल.

दुसरे निवेदन तिने स्वतः लिहिले. मी फक्त प्रश्न विचारले. रोज काय करतेस, असे विचारल्यावर ती निर्यातीच्या द्राक्षांतील कीटकनाशकांचे अंश आणि शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष यांवर तासभर बोलली. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट या वाढनियंत्रक रसायनाचे अंश आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडली होती, हा प्रसंग तिला अभ्यासामुळे ठाऊक होता. त्या धक्क्याचे परिणाम नाशिकच्या बागायतदारांना किती काळ सोसावे लागले हे तिने वरिष्ठांकडून ऐकले होते. प्रयोगशाळेत नमुना तपासता येतो, पण धोका कोठे निर्माण होतो याचे मूल्यमापन करून नियम आखण्याचे शिक्षण आपल्याला मिळालेले नाही, आणि पुढची पदे त्या शिक्षणाशिवाय मिळत नाहीत, असे ती म्हणाली. निवेदनात नेमके हेच आले. कोणते विषय कोणत्या कामासाठी हवेत, भारतात तशाच शिक्षणाचे कोणते पर्याय पाहिले आणि ते का कमी पडले, परत आल्यावर कोणत्या प्रकारच्या पदासाठी अर्ज करणार, हे सर्व एका पानात बसले. सध्याच्या प्रयोगशाळेने अनुभवाचे सविस्तर पत्र दिले.

पैशाचा माग म्हणजे काय हेही तिलाच सर्वांत चटकन उमगले. निर्यातीच्या द्राक्षांची पेटी ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन नोंदप्रणालीवरून थेट शेतकऱ्याच्या प्लॉटपर्यंत मागे नेता येते, आपल्या खात्यातील रक्कम तशीच सातबाऱ्यापर्यंत मागे नेता आली पाहिजे, असे ती म्हणाली आणि तारखांचा एक पानी तक्ता तिने त्याच रात्री तयार केला. हक्कसोडपत्रापासून जीआयसीपर्यंतचा प्रत्येक टप्पा, त्याची तारीख, रक्कम आणि त्याचा कागद फाइलच्या कोणत्या पानावर आहे, एवढेच त्या तक्त्यात होते. संपूर्ण फाइलमधील हे सर्वांत उपयुक्त पान होते, असे मी आजही म्हणेन.

दुसरा अर्ज

फॉर्ममध्ये याआधी कोणत्याही देशाने व्हिसा किंवा परवाना नाकारला आहे का, असा प्रश्न असतो. त्याला ‘हो’ असे उत्तर दिले आणि जुन्या नकाराचे मुद्दे व त्यांची नवी उत्तरे पत्रात क्रमाने मांडली. नकार लपवण्याचा सल्ला देणारे अनेक भेटतात. तो नकार त्याच खात्याच्या नोंदीत असतो, तेव्हा लपवून मिळणार काहीच नाही आणि गमवायचे मात्र सगळेच.

आवश्यक रकमेबाबत एक सापळा होता. एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या खर्चासाठी २०,६३५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागत, तो आकडा १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ झाला आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांत मात्र जुनाच आकडा होता. जीआयसी आता सक्तीचे नाही, पण पुरावा म्हणून स्वीकारले जाते, म्हणून नव्या रकमेचे जीआयसी घेतले. १ जानेवारी २०२६ पासून सार्वजनिक संस्थांमधील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रांताच्या हमीपत्रातून सूट मिळाली, त्यामुळे त्या कागदाची गरज उरली नाही. दीडशे डॉलरची फी पुन्हा भरावी लागली. बोटांचे ठसे दहा वर्षे ग्राह्य असल्याने ते पुन्हा द्यावे लागले नाहीत.

नावाचाही प्रश्न होता. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे, वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव असते. पासपोर्टवर क्रम वेगळा आणि आईचे नाव नावाचा भाग नसते. त्यासाठी चार ओळींचा खुलासा पुरला.

अर्ज मुलीने स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन दाखल केला. मोबदला घेऊन असा अर्ज हाताळण्याचा अधिकार कॅनडातील वकील किंवा तेथील नियामक संस्थेकडे नोंदणी असलेले सल्लागार यांसारख्या अधिकृत व्यक्तींनाच आहे आणि अशा सल्लागारांची नावे त्या संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहता येतात. पहिल्या एजंटचे नाव त्यात नव्हते. विनामोबदला मदत करण्यास मनाई नाही.

मार्चमध्ये मंजुरी आली आणि पासपोर्ट व्हिसासाठी व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्राकडे गेला. ऑनलाइन मिळालेले पत्र म्हणजे परवाना नव्हे. परवाना कॅनडातील विमानतळावर अधिकारी छापून देतो आणि तोच अधिकारी पैशाचे व प्रवेशाचे कागद पुन्हा पाहू शकतो. त्यामुळे मूळ कागद, भाषांतरे आणि तो तक्ता सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवण्यास तिला सांगितले आहे. छापलेल्या परवान्यावरील नाव, मुदत आणि सत्र चालू असताना आठवड्याला २४ तासांपर्यंत संस्थेच्या आवाराबाहेर काम करण्याची अट तिने तिथेच तपासायची आहे, कारण चूक असल्यास काउंटर सोडण्यापूर्वी ती दुरुस्त करून घेणे सर्वांत सोपे असते. तिच्या एका मैत्रिणीने वर्षभराने स्वस्त महाविद्यालयात बदली करण्याचा विचार सुचवला होता. ८ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणसंस्था बदलायची झाल्यास नवा परवाना काढावा लागतो, म्हणजे हीच फाइल पुन्हा एकदा, नव्या तारखांसह उभी करावी लागेल. हे कळल्यावर तिने तो विचार सोडून दिला आहे.